एलएलबी गोव्यात करावं की पुण्याला जावं?

प्रश्न असा आला आहे. सत्तरी तालुक्यातली मुलगी, बारावी कला शाखा, चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकलेली. घरात कुणी वकील नाही, पण हिला वकील होऊन गावाकडच्या लोकांची कामं करायचीयत. मामा म्हणतात पुण्याला जा. वडील म्हणतात आधी बीए कर, मग बघू. गोव्यातल्या कायद्याच्या कॉलेजांची नीट माहिती तिला कुणी देत नाही. आणि शेवटची ओळ: "माझं इंग्रजी कच्चं आहे, मला जमेल का?"

जमेल. का जमेल ते पुढे सांगतो, कारण हा प्रश्न वाटतो तेवढा छोटा नाही. आधी मूळ मुद्दा. मी उत्तर गोव्यातल्या कोर्टांत दिवाणी वकिली करतो, हाताखाली ज्युनियर घेतो, त्यातले काही बाहेरून शिकून आलेले असतात आणि काही इथेच शिकलेले. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे: गोव्यात वकिली करायची असेल तर कायदा गोव्यातच शिक. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या फर्ममध्ये कंपन्यांचं काम करायचं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पहिला निर्णय कॉलेजचा नाही, पाच वर्षांनी तुला कुठे उभं राहायचंय याचा आहे.

वडिलांच्या सूचनेचं आधी बघू. एलएलबीला दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, ज्यात बीए आणि एलएलबी दोन्ही पदव्या येतात. किंवा कुठलीही पदवी घेऊन मग तीन वर्षांची एलएलबी. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे दोन्हीसाठी आधीच्या परीक्षेत किमान ४५ टक्के गुण लागतात, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४०. सनद दोन्हींची एकच, कोर्टात कुणी विचारत नाही की तू पाचवाली की तीनवाली. पण तुझं वकील व्हायचं ठरलेलंच असेल तर बीएची तीन वर्षं आणि वर एलएलबीची तीन, असं एक वर्ष जास्त का घालवायचं? ज्याचं मन अजून ठरलेलं नाही, त्याच्यासाठी वडिलांची वाट बरोबर आहे. आणि एक गोष्ट घरी आधीच स्पष्ट करून ठेव, की कायद्याचं शिक्षण नोकरी सांभाळून फावल्या वेळात होत नाही. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते.

आता कॉलेजं. पोर्तुगीज काळात गोव्यात वैद्यकीय शाळा होती, पण कायद्याची पदवी घ्यायची तर पोर्तुगालमध्ये कोइंब्रा-लिस्बनला जावं लागे. मुक्तीनंतर मुलं मुंबई, पुणे, बेळगाव गाठत. मामा पुण्याचं नाव घेतात ते त्या काळापासून चालत आलेलं असणार, आणि पुण्याचं आयएलएस १९२४ पासूनचं नामांकित कॉलेज आहे हेही खरं. पण १९७३ मध्ये पणजीला मिरामारच्या बाजूला साळगावकर कॉलेज सुरू झालं आणि घरच्या घरी सोय झाली. आज गोव्याच्या कोर्टांत दिसणाऱ्या वकिलांत आणि न्यायाधीशांत तिथले विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. दुसरं मडगावचं गोविंद रामनाथ कारे कॉलेज, विद्या विकास मंडळाचं. दोन्ही गोवा विद्यापीठाशी संलग्न, पदवी विद्यापीठाचीच. दोन्हीकडे पाच आणि तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत.

खुद्द विद्यापीठात, ताळगाव पठारावर, मनोहर पर्रीकर स्कूल ऑफ लॉ, गव्हर्नन्स अँड पब्लिक पॉलिसी आहे. नाव ऐकून बारावीची मुलं आधी तिकडे धावतात. ते मुख्यतः एलएलएम आणि संशोधनासाठी आहे, त्याचा विचार तू एलएलबीनंतर कर. शिवाय बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या विश्वस्त संस्थेने २०२२ मध्ये गोव्यात एक वेगळं विद्यापीठ काढलं आहे, इंडिया इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ लीगल एज्युकेशन अँड रिसर्च. तिथला रोख देशभरच्या मुलांवर आहे. अर्ज करण्याआधी त्याचं शुल्कपत्रक साळगावकर-कारेच्या शुल्कपत्रकाशेजारी ठेवून बघ.

साळगावकर की कारे? तुझ्यासाठी प्रवासाने बराच प्रश्न सुटतो. वाळपईहून पणजी सोपी, मडगावला फोंड्यावरून उलटं जावं लागेल. रोज जाऊन-येऊन मात्र करू नकोस. सकाळच्या कदंब बसने येणारी मुलं तास संपला की बस पकडायला पळतात, आणि वाचनालय, मूट कोर्ट (म्हणजे लुटुपुटुच्या खटल्यावर युक्तिवादाचा सराव), मोफत कायदा साह्याचं काम, हे सगळं तास संपल्यावरच सुरू होतं. पहिलं वर्ष तरी वसतिगृहात किंवा पणजीत नातेवाइकांकडे राहा.

साळगावकर कॉलेजची एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती म्हणजे गावोगावी चालणारं कायदा साह्याचं काम. विद्यार्थी गावात जाऊन लोकांचे प्रश्न ऐकतात. ते प्रश्न पुस्तकातले नसतात. कुणाच्या जन्मनोंदीत आडनाव पोर्तुगीज वळणाने लिहिलंय, शाळेच्या दाखल्यावर मराठीतून इंग्रजीत आलेलं, पासपोर्टवर तिसरंच; मग १९९० चा नाव-आडनाव बदलाचा गोव्याचा कायदा उघडायचा आणि कोणती दुरुस्ती त्यात बसते, कोणती जन्म-मृत्यू निबंधकाकडे जाते हे शोधायचं. अर्ज लिहायला शिकायचं ते इथे. कुठल्याही कॉलेजात चौकशीला गेलीस की इमारत बघून खूश होऊ नकोस. शेवटच्या वर्षाच्या दोन-चार मुलांना गाठ आणि विचार: गेल्या महिन्यात तुम्ही कुठल्या गावात, कुठल्या कोर्टात गेलात? चटकन उत्तर आलं तर कॉलेज जिवंत आहे.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे. गोव्यात शिक असं मी म्हणतो ते गोव्यावरच्या प्रेमापोटी नाही. इथला कायदा खरोखर वेगळा आहे. फौजदारी कायदा देशभर सारखा, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता वाळपईतही तीच आणि पुण्यातही तीच. करार, कंपन्या, संविधान, सगळं सारखं. पण लग्न, वारसा आणि जमीन या तीन बाबतींत, म्हणजे गावातला माणूस वकिलाकडे ज्यासाठी येतो नेमकं त्यातच, गोवा निराळा आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७० पासून लागू झाला, आणि मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे पुढे चालू ठेवले. वारशाची बाजू आता गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्यात आली आहे. तो अमलात आला २०१६ च्या डिसेंबरात.

हे व्यवहारात कसं दिसतं ते एका हिशोबाने सांगतो. समज, एक गृहस्थ वारले. मागे बायको आणि तीन मुलं, दोन मुलगे, एक मुलगी. मृत्युपत्र नाही. नवऱ्याने स्वतः कमावलेलं एक घर आणि काजूची बाग. पुण्यातला विद्यार्थी हिंदू वारसा कायदा काढेल आणि बरोबर सांगेल की बायको आणि तीन मुलं, चौघांना पाव-पाव हिस्सा. गोव्यात हे उत्तर चूक. इथे लग्न होताना वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते. म्हणजे त्या घराचा आणि बागेचा अर्धा भाग बायकोचा आधीपासूनच होता, तो तिला वारशाने मिळत नाही, तिचाच असतो. वारसा उघडतो तो फक्त नवऱ्याच्या अर्ध्याचा, आणि तो तीन मुलांत सारखा: प्रत्येकी सहावा हिस्सा, मुलीलाही तेवढाच. आणि मुलं असताना माणसाने मृत्युपत्र केलं, तरी स्वतःच्या वाट्याचा अर्धाच भाग तो मर्जीप्रमाणे देऊ शकतो. उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव. एखाद्या बापाला मुलीला काहीच द्यायचं नसेल तरी गोव्याचा कायदा त्याला सहजासहजी तसं करू देत नाही. हे मला या कायद्याचं सर्वांत मोठं मोल वाटतं.

आता वाटणी. इतर राज्यांत भावंडं वाटणीचा दावा लावतात. इथे इन्व्हेंटरी होते. मृताची मालमत्ता सांभाळणारा माणूस, बहुतेक वेळा विधवा आई किंवा थोरला, कोर्टात शपथेवर सांगतो की कोण वारलं, कधी वारलं, वारस कोण. मग मालमत्तेची यादी होते, घरापासून बँकेतल्या ठेवीपर्यंत. मग सगळे संबंधित एकत्र बसतात. जमलं तर तिथेच तडजोड. नाही जमलं तर वारसांची आपसातच बोली लागते, तिला इथे लिसितासांव म्हणतात. बाग थोरल्याला हवी, धाकट्यालाही हवी, दोघं आकडे वाढवत जातात, जास्त बोली ज्याची त्याला बाग, आणि हिश्शापेक्षा जास्त घेतलं त्याचे पैसे त्याने इतरांना चुकते करायचे. त्या दिवशी ज्युनियरचं काम काय? अशिलाला आधी शांत बसवून सांगणं की तुझा सहावा हिस्सा एवढा, बागेची किंमत एवढी, म्हणजे अमुक आकड्याच्या पुढे गेलास तर एवढे पैसे उभे करावे लागतील. भावाभावांच्या ईर्ष्येत माणसं भलतीच बोली करून बसतात. हे कुठल्याही बाहेरच्या कॉलेजात शिकवत नाहीत, आणि शिकवण्याचं त्यांना कारणही नाही. गोव्यात तो अभ्यासाचा भाग आहे.

आणि हा कायदा सीमेवर थांबत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची मालमत्ता गोव्याबाहेर, भारतात कुठेही असली, तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागू होतो. मुंबईत फ्लॅट घेतलेली गोवेकर कुटुंबं किती आहेत ते तुला ठाऊक आहे. त्यांना हे नीट समजावणारा वकील लागतो.

लग्नाचंही तसंच. तुझ्या ताईच्या किंवा मावशीच्या लग्नाआधी घरात "सह्या झाल्या" असं बोलणं ऐकलं असशील. नागरी नोंदणी कार्यालयातल्या पहिल्या सहीत इरादा नोंदवला जातो, दुसऱ्या सहीने लग्न नोंदलं जातं. कायद्याने लग्न तिथे होतं. मांडव, होम, सप्तपदी हे घरचं आणि धर्माचं. ज्या जोडप्याला मालमत्ता वेगळी ठेवायची आहे त्याने त्याचा करार लग्नाआधीच करायचा असतो, मागाहून नाही. वकील म्हणून तुझ्याकडे लोक येतील ते मागाहूनच.

जमिनीबद्दल तर सत्तरीच्या मुलीला मी काय सांगावं. आल्वारा (पोर्तुगीज सरकारने दिलेल्या) आणि मोकाशांच्या (जहागिरीच्या) जमिनी, वनहक्काचे दावे, म्हादई नदीचं पाणी, अभयारण्याची हद्द. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ च्या जुलैमध्ये व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला तेव्हा तुमच्या तालुक्यात काय चर्चा झाली असेल ते तूच मला सांगशील. एवढे जिवंत प्रश्न दारात असलेली विद्यार्थिनी पुण्यात जाऊन ते परक्यासारखे वाचणार, हे मला पटत नाही.

माझ्याकडे नवीन ज्युनियर आला की पहिल्या आठवड्यात मी त्याच्या हातात एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद, देतो आणि म्हणतो, वाच. बहुतेक जण कब्जेदाराच्या रकान्यातलं नाव वाचतात आणि मालक कळला असं समजून कागद परत करतात. मी म्हणतो, अजून वाच. कुळाचा रकाना आहे का रिकामा? तिथे नाव असेल तर १९६४ चा कूळ कायदा आला, आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्या कुळाला मालकीची वाट मिळाली. इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय? तिथे एखाद्याच्या घराची नोंद असेल तर तो कदाचित मुंडकार असेल, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, आणि १९७५ च्या कायद्याप्रमाणे भाटकार, म्हणजे जमीनमालक, त्याला सहज हुसकावू शकत नाही. कब्जेदार म्हणून कोमुनिदादीचं, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थेचं, नाव असेल तर कोमुनिदादीची संहिता उघड. देवस्थान असेल तर १९३३ चा महाजनीचा, म्हणजे देवस्थानांच्या कारभाराचा, कायदा बघ. जमीन महसूल कायद्याने या नोंदी विरुद्ध पुरावा येईपर्यंत खऱ्या मानल्या जातात, पण त्या मालकीचा शेवटचा शब्द नाहीत. जुना पोर्तुगीज दस्त निघाला की चित्र बदलू शकतं. एका पानावर गोव्याच्या दोनशे वर्षांच्या घडामोडी असतात. ज्या ज्युनियरला महिन्याभरात ते पान वाचता येतं, त्याला मी सोडत नाही.

म्हणूनच एक आग्रहाची सूचना: कॉलेजच्या काळातच थोडं पोर्तुगीज शिक. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे. साहित्य वाचण्याइतकं नको. दस्तातली चतुःसीमा, नावं, तारखा आणि हक्कांचे शब्द कळले तरी पुरे. जुने दस्त वाचू शकणारे वकील आता थोडेच उरलेत.

आता तुझं इंग्रजी. शिक्षण इंग्रजीतून आहे, परीक्षा इंग्रजीतून, कोर्टाचं लेखी कामही इंग्रजीतून. ते टाळता येणार नाही. पण कायद्याचं इंग्रजी ही मर्यादित गोष्ट आहे, तेच शब्द, तीच रचना, पुन्हा पुन्हा. रोज एका निकालाची चार पानं वाच, आणि त्यातला वाद काय, निर्णय काय, कारण काय, हे आधी मराठीत स्वतःला सांग, मग पाच ओळी इंग्रजीत लिही. वर्षभरात फरक पडतो. उलट बाजूने बघ: साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून कोकणीत किंवा मराठीत बोलतो. त्याच्या बोलण्यातली खोच, तो काय गाळतो, कुठल्या शब्दावर अडखळतो, हे ज्याला कळतं तो चांगली उलटतपासणी करतो. गावच्या आजीला तिचा हक्क तिच्या बोलीत समजावणारा वकील लागतो. इंग्रजी तू कमवू शकतेस. ही जाण तुझ्याकडे आजच आहे, आणि ती शिकवणीने मिळत नाही. राज्यात सरकारी पदांसाठी कोकणी येणं लागतं, मराठी आलेली उपयोगी पडते. तीही तुझी बाजू.

पदवीनंतरचं थोडक्यात. सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून मिळते. नोंदणीचं शुल्क पूर्वी बरंच वाढवलेलं असे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवून दिलं की कायद्यात आहे तेवढंच घ्यायचं, सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५. मग अखिल भारतीय बार परीक्षा. न्यायाधीश व्हायची इच्छा असेल तर हे लक्षात ठेव: २०२५ च्या मे महिन्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. पदवी घेतली आणि थेट परीक्षेला बसले, ते दिवस गेले. ती तीन वर्षं चांगल्या सिनियरकडे काढायची तर ओळखी विद्यार्थिदशेतच झालेल्या बऱ्या. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप करावीच लागते. ती नुसती प्रमाणपत्रासाठी उरकू नकोस. एकदा तालुक्याच्या कोर्टात, एकदा पर्वरीच्या उच्च न्यायालयात, एकदा मामलेदारासमोर चालणाऱ्या मुंडकार प्रकरणांत कर.

पैशाचं खरं सांगतो, कारण घरी हा प्रश्न येणारच. पहिली दोन-तीन वर्षं ज्युनियरला प्रवास आणि जेवण सुटेल एवढंच मिळतं, काही ठिकाणी त्याहून कमी. घरातून आधार लागतो. हे आधी माहीत असलं तर माणूस टिकतो. मुलींच्या बाबतीत घरचे विचारतात, कोर्टात मुलींना काम मिळतं का? मिळतं. आज कुठल्याही बार रूममध्ये डोकावून बघायला वडिलांना घेऊन ये.

बाहेर कुणी जावं? ज्याला कंपन्यांचं, कर-लवादाचं किंवा सर्वोच्च न्यायालयातलं काम करायचंय आणि ज्याची क्लॅट या प्रवेशपरीक्षेची तयारी पक्की आहे, त्याने राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा प्रयत्न जरूर करावा. तिथली संगत आणि ओळखी गोव्यात मिळणार नाहीत. पण तू लिहिलंयस की तुला गावाकडच्या लोकांची कामं करायची आहेत. मग मिरामारला जा.

आता लगेच करायचं ते. दोन्ही कॉलेजांची या वर्षीची माहितीपत्रकं काढ, प्रवेशाची पद्धत आणि तारखा त्यातच बघ, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मामलेदार कचेरीतून आणि जातीचा लागू असेल तर तो उपजिल्हाधिकाऱ्यांकडून, निकालाची वाट न बघता काढून ठेव. पैशांची अडचण असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्ज योजनेची चौकशी कर. बारावीचा निकाल लागला की सगळा तालुका त्याच खिडकीसमोर रांगेत असतो, तू त्याआधी जा.